जुन्या घराबरोबर दुरुस्तीची वहीही विका

गोव्यात पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत नूतनीकरण केलेले घर विक्रीला निघाले की जाहिरातीत काय असणार हे आधीच सांगता येते. शिंपल्यांच्या खिडक्या, नक्षीदार लोखंडी सज्जा, मंगळुरी कौले, जुन्या फरशा, तीन बेडरूम, प्रत्येकीला जोडून बाथरूम, एसी, मॉड्युलर किचन. हे सगळे तिथे खरोखर असते. जाहिरातीत नसते ते वेगळेच. भिंतींना गिलावा कशाचा केला, कौलांखालचे वासे किती बदलले, वरच्या मजल्यावरचे बाथरूम कशावर टेकले आहे, शेजाऱ्याच्या आणि आपल्या छपरामधल्या पन्हळीचे पाणी कुठे सोडले. घर पुढची पन्नास वर्षे टिकणार की दहा, हे याच गोष्टींवर ठरते.

अशा घराची विक्री करताना दुरुस्तीची लेखी नोंद विक्रीखताला जोडणे सक्तीचे असावे, असे माझे ठाम मत आहे. आणि जो विकण्यासाठीच जुने घर घेतो, वर्ष-दोन वर्षांत त्याचे रूप पालटतो आणि चढ्या भावाने विकतो, त्याच्यावर नव्या इमारतीच्या बिल्डरइतकीच पाच वर्षांची जबाबदारी यायला हवी. हा दोन माणसांमधला खाजगी सौदा आहे, सरकारने त्यात पडू नये, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. घराला घर लागून असलेल्या वस्तीत ते म्हणणे टिकत नाही. ते का, हे भिंतीपासून सांगायला हवे.

फोंतेन्हास वसले आहे आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी, ओरेम खाडीच्या बाजूला. वस्तीचे नावच मुळी झऱ्यांवरून पडले. टेकडीत मुरलेले पाणी इथून खाली उतरते, खाडीमुळे भूजल फार खोल नसते आणि वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घरे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची. भिंती दीड-दोन फूट जाड, चिरे मातीत किंवा चुन्यात बसवलेले, वरून चुन्याचा गिलावा आणि रंगीत चुन्याचे हात. जांभा सच्छिद्र असतो. तो जमिनीतले पाणी वर ओढतो. बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी पाणी अडवण्याच्या खटाटोपात न पडता ते परत बाहेर जाईल अशी भिंत रचली. पावसाळ्यात ती ओली होते, नोव्हेंबर ते मे या काळात सुकते. पाण्याबरोबर आलेले क्षार चुन्याच्या गिलाव्यात साठतात, गिलावा काही वर्षांनी भुसभुशीत होतो, तेवढा खरवडून नवा करायचा. गिलावा झिजतो आणि चिरा वाचतो.

सिमेंटचा गिलावा याच्या नेमके उलट करतो. तो दाट आणि ताठर असतो. भिंतीतल्या पाण्याची बाहेरची वाट बंद झाली की ते वर सरकते. पूर्वी दोन फुटांवर थांबणारी ओल चार-पाच फुटांपर्यंत चढते. क्षार आता गिलाव्याच्या मागे, चिऱ्याच्या तोंडावर साठतात आणि चिऱ्याचे पीठ होऊ लागते. सिमेंट ताठर, जुनी भिंत मात्र ऊन-पावसात थोडी हलती, म्हणून गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात. त्या भेगांतून पाऊस आत जातो, पण तितक्या वेगाने बाहेर येत नाही. शेवटी गिलाव्याचा पत्रा सुटतो तेव्हा चिऱ्याचा बोटभर थर सोबत घेऊनच सुटतो. चुन्याने जे काम दर काही वर्षांनी दोन-तीन दिवसांत भागले असते, तिथे चिरे बदलायची वेळ येते.

यात काळाचे गणित ध्यानात घ्या. पाऊस थांबला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात काम सुरू होते. फेब्रुवारीत पुट्टी आणि ॲक्रिलिक रंग, मार्चमध्ये फोटो, एप्रिल-मेमध्ये गिऱ्हाइकांच्या भेटी. वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत भिंत दाखवली जाते. पहिला पावसाळा बहुधा निभावतो. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात, कपाटाच्या मागे बुरशी धरते, आणि तोवर रजिस्ट्री होऊन पैसे वाटले गेलेले असतात. खालच्या तीन फुटांना लाकडी पॅनेल, पीव्हीसीची शीट किंवा जिप्सम बोर्ड लावलेले असेल तर आणखी एक-दोन वर्षे कळतच नाही. हे सगळे दरवेळी फसवणुकीच्या हेतूने होते असे नाही. बऱ्याच कंत्राटदारांना सिमेंटखेरीज दुसरे काही ठाऊक नसते आणि चुन्यात हात बसलेले गवंडी थोडेच उरले आहेत. पण घेणाऱ्याचे नुकसान हेतू पाहून कमी होत नाही.

नीट काम कसे असते, तेही पाहू. जुना सिमेंटचा गिलावा हलक्या छिन्नीने, चिरा न दुखावता काढायचा. ब्रेकर लावायचा नाही. मग भिंत निदान एक पूर्ण कोरडा हंगाम उघडी ठेवायची. चुनकळी, म्हणजे भाजलेला कच्चा चुना, विरवून पाण्याखाली किमान तीन-चार आठवडे ठेवायची, जितकी जास्त तितकी बरी. बाजारातल्या पोत्यातला हायड्रेटेड चुना गोदामात पडून हवा खाऊन आधीच निकामी झालेला असू शकतो. एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग धुतलेली नदीची वाळू. समुद्राची वाळू वापरली तर आपणच भिंतीत मीठ भरतो. ओलीच्या जागी थोडी सुरखी, म्हणजे विटांचा बारीक चुरा, घातली तर चुना दमट हवेतही धरतो. सांधे दोन सेंटिमीटर खोल कोरून भरायचे, मग आठ ते बारा मिलिमीटरचे दोन किंवा तीन थर. प्रत्येक थर घट्ट व्हायला आठवडाभर तरी द्यायचा, उन्हापासून झाकायचा, गोणपाट ओले ठेवायचे. शेवटी चुन्याचे चार-पाच पातळ हात. सिमेंटने तीन आठवड्यांत उरकणारे काम असे केले तर चार-पाच महिने घेते, आणि भिंत सुकवण्याचा हंगाम वेगळाच. विकण्यासाठी घेतलेल्या घरात अडकलेल्या पैशावर व्याज चढत असते. चुना टाळण्याचे खरे कारण बहुतेक वेळा हे व्याजच असते.

छपराची गोष्टही अशीच. मंगळुरी कौल दोन-अडीच किलोचे, एका चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. वासे आणि रिपा धरूनही भार चौरस मीटरला साठ-सत्तर किलोंच्या आसपास राहतो. त्याऐवजी दहा सेंटिमीटरचा आरसीसी स्लॅब टाकून वर शोभेला कौले अंथरली, तर एकट्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला २५० किलो होते. मातीत बसवलेल्या चिऱ्यांच्या भिंतीवर, वर बांधून घेणारा पट्टा न देता, हा बोजा येतो. स्लॅब उन्हात फुगतो, रात्री आक्रसतो आणि भिंतीच्या डोक्याशी आडवी भेग पडते. त्यातून बऱ्याचदा पागोळ्यांचा पुढे आलेला भाग कापलेला असतो. दोन-अडीच फुटांचा वळचणीचा आसरा गेला की झोडपणारा पाऊस सरळ भिंतीवर येतो. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मात्र कौलारू छप्परच दिसते.

आणि वरच्या मजल्यावरची बाथरूम. माझ्या मते नूतनीकरणातली सर्वांत महाग चूक हीच. जुन्या घरात न्हाणीघर मागे, परसाकडे, जमिनीवर असे. त्यामागे विचार होता. आता घर होमस्टेला चालावे म्हणून प्रत्येक खोलीला बाथरूम लागते, आणि ते लाकडी तुळयांवर, फळ्यांच्या तख्तपोशीवर, काँक्रीटचा थर ओतून बसवले जाते. तुळयांवर कधी नव्हता तेवढा भार येतो, आणि फरशांच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी थेट लाकडात जाते. खाली फॉल्स सीलिंग असल्याने डाग दिसत नाही. तुळईचे सगळ्यात नाजूक अंग म्हणजे भिंतीत गेलेले तिचे टोक. तिथे ओल राहिली की लाकूड कुजते, मग वाळवी येते. चांगला सुतार कुजलेले टोक कापतो, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडतो किंवा पोलादी पट्टी बोल्टांनी बसवतो, आणि टोकाभोवती हवा खेळायला थोडी जागा ठेवतो. वाईट काम करणारा टोकाभोवती प्लायवूडची पेटी करून तिला पॉलिश मारतो. पूर्ण झालेल्या घरात दोन्ही सारखेच सुंदर दिसतात. बाथरूम करायचेच असेल तर ते मागच्या बाजूला, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या जोडभागात, वर-खाली एकाच रेषेत घ्यावे.

विजेचे थोडक्यात सांगतो. कन्सील्ड वायरिंग ओल्या भिंतीत गेलेले असेल तर अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच, आहे का हे विचारायलाच हवे, आणि चार एसी असलेल्या घराचा मंजूर वीजभार किती आहे तेही.

आता कायद्याकडे येऊ. आपल्याकडे अशी घरे घेताना वकील महिनोन्‌महिने कागद तपासतो. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, म्हणून दोघांच्या सह्या, वारसांच्या इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसा-वाटणीच्या दाव्याचा, निकाल, सिटी सर्व्हेचा चलता नंबर, म्हणजे जागेचा भूमापन क्रमांक, भाडेकरूचा हक्क. हे सगळे योग्यच आहे. पण भिंतीसाठी त्याच खरेदीदाराचा तासभरही जात नाही, कारण तपासायला कागदच नसतो.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५५ ने विकणाऱ्यावर एक कर्तव्य घातलेले आहे: मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे आणि खरेदीदाराला साधी काळजी घेऊनही सापडणार नाही, तो त्याने सांगितला पाहिजे. फॉल्स सीलिंगमागची कुजलेली तुळई हे याचे चोख उदाहरण. अडचण सिद्ध करण्याची आहे. विकणाऱ्याला ठाऊक होते हे दाखवणार कसे? कंत्राटदाराचे बिल हाती नाही, आधीचे फोटो नाहीत, विक्रीखतात ‘जागा आहे त्या स्थितीत पाहून घेतली’ असे एक वाक्य. त्या वाक्याआड कायद्याचे कर्तव्य झाकले जाते.

दुसरीकडे २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने नव्या फ्लॅटच्या खरेदीदाराला ताब्यापासून पाच वर्षे संरक्षण दिले. बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला आणि त्याने तो बिल्डरच्या नजरेस आणला, तर बिल्डरने तीस दिवसांत स्वखर्चाने तो दुरुस्त करायचा. पण ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे, आणि एकट्या घराची फेरविक्री त्या चौकटीत बसतच नाही. म्हणजे उपनगरातल्या नव्या वन-बीएचकेला हमी, आणि शंभर वर्षांच्या घरात आतून सगळे उकरून पुन्हा बसवलेल्या, कैकपट किमतीच्या वास्तूला काहीच नाही. ज्या कामात दोष लपायला जागा जास्त, तिथे संरक्षण कमी. ही उलटी व्यवस्था आहे आणि ती बदलता येण्याजोगी आहे.

दुरुस्तीच्या वहीत काय असावे? काम सुरू होण्यापूर्वीचे प्रत्येक खोलीचे, छपराच्या आतले आणि जोत्याचे फोटो, तारखेसह. मजल्यांचा साधा नकाशा आणि त्यावर कुठली भिंत पाडली, कुठे नवे दार काढले, कुठे लोखंडी तुळई घातली याच्या खुणा. गिलावा चुन्याचा की सिमेंटचा, भिंतीनिहाय. लाकूड कोणते बदलले, कोणत्या जातीचे घातले, कोणते तसेच ठेवले. वाळवीचे औषध कोणते आणि कधी. भिंत-फरशीच्या सांध्यात साधारण ३०० मिलिमीटर अंतराने भोके पाडून ते सोडले की नुसते फवारले. पाण्याच्या, सांडपाण्याच्या आणि विजेच्या लाइनींचा आराखडा. बाथरूममध्ये इंचभर पाणी चोवीस तास साठवून केलेल्या चाचणीचा निकाल. इंजिनिअरचे नाव, कंत्राटदाराचे नाव, परवानगीचा क्रमांक. आणि सर्वांत महत्त्वाचे पान: कशाला हात लावला नाही आणि कोणता दोष ठाऊक असून ठेवला. ‘उत्तरेकडच्या भिंतीला दर पावसाळ्यात दोन फुटांपर्यंत ओल येते’ हे वाक्य लिहिलेले घर मला न लिहिलेल्या घरापेक्षा जास्त भरवशाचे वाटते. जुन्या घरात ओल असणारच. ती मान्य करणाऱ्याने भिंत निदान पाहिली आहे.

यासाठी नवे खाते उघडावे लागत नाही. फोंतेन्हास संवर्धन क्षेत्रात असल्याने बाहेरच्या रूपात बदल करायला परवानगी लागतेच. ती देताना ‘काम पूर्ण झाल्यावर या वहीची एक प्रत जमा करा’ अशी अट घालता येते. आज परवानगीच्या प्रक्रियेत दर्शनी भागाचा रंग, सज्जाचे कठडे, खिडक्यांची ठेवण याची काळजी घेतली जाते. रस्त्याची शोभा टिकवायची तर ते आवश्यक आहे. पण चेहरा जसाच्या तसा आणि मागे सिमेंटने गुदमरलेली भिंत, याला संवर्धन म्हणणे मला पटत नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. लोक म्हणतात, या घरांवर पैसा घालायला तयार असणारे मुळात थोडे. त्यांच्यामागे कागद आणि जबाबदाऱ्या लावल्या तर तेही पळतील, आणि घरे वारसांच्या भांडणात कोसळतील. कोसळणारी घरे पाहिलेल्या कोणालाही ही भीती हसण्यावारी नेता येणार नाही. म्हणूनच दोन प्रकारचे विक्रेते वेगळे धरले पाहिजेत. जे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिले, ज्यांनी जमेल तशी डागडुजी केली आणि आता म्हातारपणी विकत आहेत, त्यांच्याकडून ठाऊक असलेल्या दोषांची एक पानी यादी पुरे; पाच वर्षांची जबाबदारी त्यांच्यावर नको. जो खरेदीनंतर पाच वर्षांच्या आत नूतनीकरण करून विकतो, त्याचा तो धंदा आहे, आणि धंद्याला हमी चुकत नाही. वहीचा खर्च म्हणाल तर फोटो, मोजणी आणि इंजिनिअरचे काही दिवसांचे काम. अशा घराच्या किमतीपुढे तो नगण्य आहे.

उलट या वहीचा सर्वांत मोठा फायदा नीट काम करणाऱ्यालाच होईल. आज चुन्यावर पाच महिने घालवणाऱ्याला बाजार एक रुपयाही जास्त देत नाही, कारण तयार भिंत पाहून फरक कळत नाही. किचनच्या ओट्यावरच्या ग्रॅनाइटचे पैसे मिळतात, तुळईच्या जोडलेल्या टोकाचे मिळत नाहीत. मग पुढच्या घरात तोही सिमेंटकडे वळतो, आणि त्याच्याबरोबर चुन्याचा गवंडी आणि सांधे जाणणारा सुतार यांचेही काम जाते. न दिसणारे काम कागदावर आले तरच त्याला भाव येईल.

शेजाऱ्यांचा मुद्दाही इथेच येतो. फोंतेन्हासमध्ये बरीच घरे एकमेकांना टेकून आहेत. एका घराने आपल्या बाजूची सामाईक भिंत सिमेंटने बंद केली, खाली प्लॅस्टिक घालून त्यावर व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या, की जमिनीतले पाणी मोकळ्या बाजूने, म्हणजे शेजाऱ्याच्या घरात निघते. दोन छपरांमधली पन्हळ एकाने बदलली आणि उतार चुकला तर भिजतो दुसरा. या अर्थाने ही भिंत सार्वजनिक बाब आहे. नगरपालिकांनीही आपली वही ठेवावी: दर डांबरीकरणात रस्ता किती उंच झाला याची. जुना थर न खरवडता नवा टाकत गेले की कधीकाळी रस्त्यावर दोन पायऱ्या उंच असलेले जोते रस्त्याच्या पातळीला येते, आणि मग घरमालकाने कितीही चुना लावला तरी पाणी उंबऱ्यातून आत येते.

पुण्याच्या पेठांना हे सारे तितकेच लागू आहे, तिथली भिंत चिऱ्याची नसली तरी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्यात उभे होते. त्यांतले काही वाचले. अशा वाड्याच्या खालच्या भिंतीत माती आहे, वीट आहे की पुराने गेल्यावर काँक्रीटने भरलेली पोकळी, हे आजच्या खरेदीदाराला सांगणारा एकही कागद नसतो. गिरगावातल्या खोताच्या वाडीच्या लाकडी घरांतही प्रश्न तोच, फक्त ओलीऐवजी वाळवीचा.

कायदा होईपर्यंत खरेदीदाराने दोन गोष्टी कराव्यात. पहिली: घर एकदा तरी जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असताना पाहावे, आणि चार ठिकाणी उघडून पाहण्याची परवानगी लेखी मागावी. जमिनीलगत दहा सेंटिमीटरचा गिलाव्याचा चौकोन, एका तुळईचे भिंतीतले टोक, बाथरूमखालचे सीलिंग आणि कौलांखालचा माळा. उघडलेले पूर्ववत करून द्यायचा खर्च आपण उचलावा. चाकूने टोकरल्यावर पांढुरके, चुरडणारे निघाले तर चुना. राखाडी आणि चाकूला दाद न देणारे निघाले तर सिमेंट. गिलाव्यावर बोटांनी ठोकत जावे. पोकळ आवाज आला की तो भिंतीपासून सुटलेला आहे. लाकडात टोच्या सहज रुतला तर ते आतून गेलेले आहे. मॉइश्चर मीटरच्या आकड्यावर मात्र विसंबू नये, भिंतीतल्या क्षारांनी तो चुकतो.

दुसरी गोष्ट साठेखतात. बांधकामाच्या कंत्राटात काम संपल्यावरही पाच टक्के रक्कम दोष-दायित्वाच्या मुदतीपर्यंत राखून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. तीच इथे आणावी: किमतीचा तेवढा भाग दोघांना मान्य असलेल्या तिऱ्हाइताकडे, बहुधा वकिलाकडे, ठेवायचा आणि ताब्यानंतरचा पहिला पावसाळा उलटून ऑक्टोबरअखेर इंजिनिअरने पुन्हा पाहणी केल्यावर द्यायचा. छप्पर गळले, नव्या गिलाव्याला फोड आले, बाथरूमखाली डाग उमटला, तर दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा. विक्रेत्याने या अटीला नकार दिला, तर आपल्या दुरुस्तीवर त्याचा एका पावसाळ्यापुरताही भरवसा नाही असे धरून किंमत ठरवावी.